चेकॉव्हची शिकवणी

(तृतीय वर्ष, कला)

नव्याने कथा लिहू लागलेल्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. अनुभव घ्या, निरीक्षण करा, भरपूर वाचा, असे प्रत्येक जण सांगतो आणि त्यात खोटे काहीच नसते. पण कागद पुढे ओढून पहिले वाक्य लिहायची वेळ आली की यांपैकी एकही सल्ला हाताशी येत नाही. आमच्या भित्तिपत्रकासाठी आलेल्या कथा वाचण्याचे काम दोन वर्षे माझ्याकडे होते. त्यांतल्या निम्म्याअधिक कथा मावळत्या सूर्याने सुरू होत आणि कुणाच्या तरी मृत्यूने संपत. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असे, पण ती वाचणाऱ्यापर्यंत पोचत नसे. ती का पोचत नाही, या प्रश्नाचे सर्वांत उपयोगी उत्तर मला एका रशियन डॉक्टरकडे मिळाले. त्याचे नाव आन्तोन पाव्हलोविच चेकॉव्ह.

चेकॉव्हने कथालेखनावर ग्रंथ लिहिला नाही की व्याख्याने दिली नाहीत. त्याने जे सांगितले ते पत्रांतून सांगितले. भावांना, मित्रांना, हस्तलिखिते पाठवणाऱ्या होतकरू लेखकांना लिहिलेली त्याची चार हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतली सूत्रे वेचून त्यांच्या नेटक्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत. पण यादी केली की त्या सूत्रांमागचा माणूस हरवतो. चेकॉव्हचा प्रत्येक सल्ला त्याच्या आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगाला बांधलेला आहे. म्हणून आधी त्याचे आयुष्य पाहिले पाहिजे.

त्याचा जन्म २९ जानेवारी १८६० रोजी दक्षिण रशियातील तागानरोग या अझॉव्ह समुद्रकाठच्या गावी झाला. आजोबा भूदास होते. जमीनदाराला पैसे मोजून त्यांनी १८४१ साली कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. वडील पाव्हेल यांचे किराणा मालाचे दुकान होते. माणूस देवभक्त, चर्चमधल्या गायनाचा षोकी, पण घरात जमदग्नीचा अवतार. मुलांना चर्चमध्ये तासन्‌तास गायला उभे करायचे, दुकानात बसवायचे आणि चुकले की फटकावायचे, हा त्यांचा शिरस्ता. १८७६ साली दुकान बुडाले. वडील सावकारांना चुकवून मॉस्कोला निघून गेले, मागोमाग कुटुंबही गेले. सोळा वर्षांचा आन्तोन शाळा पुरी करण्यासाठी एकटा गावी राहिला. शिकवण्या करून त्याने तीन वर्षे काढली आणि जमेल तसे चार पैसे घरीही पाठवले.

या घरातली तीन मुले कलेच्या वाटेने गेली, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. थोरला अलेक्सान्द्र बुद्धिमान आणि चटपटीत लिहिणारा. त्याच्या पाठचा निकोलाय हाडाचा चित्रकार. तिसरा आन्तोन. त्या दिवसांत कोणी पैज लावली असती, तर ती पहिल्या दोघांपैकी एकावर लावली असती असे मला वाटते. घर एक, बाप एक, मारही एकच खाल्लेला. तरीही तिघांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, या प्रश्नात चेकॉव्हच्या साऱ्या शिकवणीचे मूळ आहे.

१८७९ साली आन्तोन मॉस्कोला गेला आणि त्याने वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. घरात खाणारी तोंडे अनेक आणि वडिलांची मिळकत तुटपुंजी. अलेक्सान्द्र विनोदी साप्ताहिकांसाठी लिहीतच होता; आन्तोननेही तीच वाट धरली. मार्च १८८० मध्ये ‘स्त्रेकोझा’ या साप्ताहिकात त्याचे लेखन प्रथम छापले गेले. १८८२ पासून तो पीटर्सबर्गच्या ‘ओस्कोल्की’ या साप्ताहिकात नियमाने लिहू लागला. तिथला संपादक लेयकिन मोठा व्यवहारी गृहस्थ होता. कथा शंभर ओळींच्या आसपास संपली पाहिजे, हा त्याचा दंडक आणि ओळीमागे आठ कोपेक हा मेहनताना. शेजारच्या खोलीत पाहुणे गप्पा मारताहेत, कुणाचे तरी मूल रडते आहे, उद्या परीक्षा आहे, अशा गोंधळात हा विद्यार्थी ‘आन्तोशा चेखोन्ते’ या टोपणनावाने एकामागून एक कथा पाडत होता.

या शंभर ओळींनी त्याचे फार भले केले. शंभर ओळींत मावळता सूर्य बसत नाही. नायकाचे कूळ, शिक्षण, स्वभाव सांगत बसायला जागा उरत नाही. पात्र दारातून आत येते तेच काहीतरी करीत येते. त्याच्या बोलण्यावरून आपण त्याचा स्वभाव ओळखायचा. आमच्याकडे वार्षिकासाठी पानांची मर्यादा सांगितली की लेखकमंडळी हिरमुसतात. चेकॉव्हही त्या मर्यादेवर कुरकुरत असे. पण कमी शब्दांत माणूस उभा करण्याची विद्या त्याला कोणत्या प्राध्यापकाने शिकवली नाही. ती या चौकटीने शिकवली.

दुसरी शाळा रुग्णालयाची. मॉस्कोचे प्रसिद्ध वैद्यकतज्ज्ञ प्राध्यापक झाखारिन यांची पद्धत त्याला फार मोलाची वाटे. रोग्याला तपशीलवार प्रश्न विचारायचे, तो कसा राहतो, काय खातो, कुठे झोपतो हे जाणून घ्यायचे, आणि मग निदान करायचे. त्यांच्या दृष्टीने रोग सर्वांचा सारखा नसतो. तो त्या त्या माणसाचा असतो. कथाकाराला याहून चांगला धडा कोणता हवा? प्रेमभंग, दारिद्र्य, वृद्धत्व ही रोगांची नावे झाली. कथा ज्याची लिहायची तो रोगी, आणि तो दर वेळी निराळा. १८८४ मध्ये चेकॉव्ह डॉक्टर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या खोकल्यातून रक्त पडले. पुढची वीस वर्षे तो क्षय अंगावर वागवीत जगला.

जानेवारी १८८६ मध्ये त्याची ‘तोस्का’ ही कथा आली. योना नावाचा म्हातारा घोडागाडीवाला. त्याचा तरुण मुलगा नुकताच गेला आहे. बर्फ पडते आहे. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो ही गोष्ट सांगू पाहतो आणि कोणालाही ऐकायला सवड नाही. शेवटी तबेल्यात जाऊन तो आपल्या घोडीला सारे सांगतो. कथा एवढीच. बापाचे मुलावर किती प्रेम होते, याचे वर्णन लेखक करीत बसत नाही. तो गाडीवाल्याचे पांढरे पडलेले खांदे दाखवतो, उतारूंची घाई दाखवतो. रडण्याचे काम त्याने वाचकावर सोपवले आहे.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्याला एक अनपेक्षित पत्र आले. ग्रिगोरोविच हे त्या काळचे वयोवृद्ध आणि मान्यवर कादंबरीकार. या पोराच्या कथा वाचून ते थक्क झाले होते. तुझ्यात खरी प्रतिभा आहे, तिचा मान राख आणि घाईघाईने लिहिणे सोड, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. चेकॉव्ह हेलावून गेला. उत्तरात त्याने मोकळेपणाने कबूल केले की कुठल्याही कथेवर आपण एका दिवसाहून अधिक वेळ घालवल्याचे आठवत नाही; ग्रिगोरोविचना आवडलेली ‘शिकारी’ ही कथा तर आपण न्हाणीघरात लिहिली. त्यानंतर त्याचा वेग हळूहळू मंदावला. १८८८ मध्ये ‘स्टेप’ ही दीर्घकथा आली आणि त्याच वर्षी त्याला पुश्किन पारितोषिक मिळाले.

इथे नवोदितांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. भरपूर लिहावे की थांबून लिहावे? चेकॉव्हचे उत्तर दोन्ही बाजूंनी आहे. मारिया किसेल्योव्हा या मैत्रिणीला त्याने बोटे मोडेपर्यंत लिहीत राहण्याचा आग्रह केला. लीदिया अविलोव्हा या लेखिकेला मात्र त्याने सुचवले की कादंबरी वर्षभर लिहावी, मग सहा महिने ती कमी करावी आणि नंतरच छापावी. लेखिकेने कागदावर नुसते लिहू नये, भरतकाम करावे. विसंगती वाटते, पण ती खरी नाही. हात बसण्यासाठी पुष्कळ लिहिले पाहिजे. छापण्यासाठी त्यातले पुष्कळ टाकता आले पाहिजे.

आता मी त्या पत्राकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. १० मे १८८६ रोजी चेकॉव्हने थोरल्या भावाला, अलेक्सान्द्रला, पत्र लिहिले. त्यात चांगल्या कथेच्या सहा अटी घातल्या आहेत. राजकारण, समाजकारण, अर्थकारण यांवरची लांबलचक प्रवचने नकोत. लेखकाने पूर्ण तटस्थ राहावे. माणसांचे आणि वस्तूंचे वर्णन खरे असावे. कमालीचा संक्षेप असावा. धाडस आणि नवेपणा असावा, ठरीव साच्यापासून दूर पळावे. आणि सहावी अट, अंतःकरणात कळवळा असावा. याच पत्रात चांदण्या रात्रीचा तो प्रसिद्ध दाखला आहे. चंद्राचे गुणगान करण्याऐवजी, पाणचक्कीच्या बांधावर फुटक्या बाटलीची काच चमकली आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली सरकून गेली, एवढे लिहिले तरी चांदणी रात्र उभी राहते, असे तो भावाला समजावतो. ही युक्ती त्याने स्वतःच्या कथेत वापरली आणि पुढे ‘सीगल’ नाटकात एका होतकरू लेखकाच्या तोंडी तिचा उल्लेखही घातला.

ही युक्ती आपल्याकडे कशी वापरता येईल? परसातल्या आडाच्या काठावर घासून पालथी घातलेली कळशी असते. तिची कड चकाकली, एवढे म्हणा; चांदणे आपोआप पडेल. शिवाय त्या घरात भांडी रात्री घासली जातात आणि घासणारी आत्ताच आत गेली आहे, हेही वाचकाला कळेल. नेमका तपशील एका दगडात दोन-तीन पक्षी मारतो. चंद्राला रुपेरी थाळी म्हटल्याने यांतला एकही पडत नाही.

दुसऱ्या आणि सहाव्या अटीचे काय? तटस्थ राहायचे आणि कळवळाही ठेवायचा, हे एकाच वेळी कसे जमावे? मला ही गाठ सुटली ती चेकॉव्ह डॉक्टर होता हे आठवल्यावर. ज्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते आहे अशा डॉक्टरच्या हाती कोणी शस्त्र देत नाही. पण ज्याला रोग्याची पर्वा नाही त्याच्याकडेही कोणी जात नाही. अविलोव्हाला १८९२ मध्ये त्याने हेच समजावले. दुःखी माणसाचे चित्र काढताना लेखकाने थोडे थंड राहावे, म्हणजे त्या दुःखाला पार्श्वभूमी मिळते आणि ते उठून दिसते. पात्रेही रडताहेत, लेखकही उसासे टाकतो आहे, मग वाचकाने करायचे काय?

निवाडा देण्याच्या मोहाबद्दलही त्याने असेच सांगितले. घोडेचोरांवरच्या त्याच्या कथेत चोरीचा निषेध नाही, अशी तक्रार त्याचा प्रकाशक-मित्र सुवोरिन याने १८९० मध्ये केली. चेकॉव्हचे म्हणणे असे की घोडे चोरणे वाईट हे मी न सांगताही सर्वांना ठाऊक आहे. न्याय करायला न्यायालये आहेत. माझे काम ती माणसे कशी आहेत हे दाखवण्याचे. त्याआधी १८८८ मध्ये त्याने सुवोरिनलाच लिहिले होते की प्रश्न सोडवणे आणि प्रश्न नीट मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कलावंतावर बंधन आहे ते फक्त दुसऱ्या गोष्टीचे. कथेच्या शेवटी तात्पर्य जोडल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी ही दोन पत्रे जरूर वाचावीत.

पण चेकॉव्हची खरी कसोटी घरातच लागली. १८८६ च्याच मार्चमध्ये त्याने निकोलायला एक दीर्घ पत्र लिहिले होते. त्यात चित्रकलेविषयी फारसे नाही. सुसंस्कृत माणूस कसा असतो, एवढेच त्यात सांगितले आहे. तो दुसऱ्याचा मान राखतो, कर्ज फेडतो, क्षुल्लक गोष्टीतही खोटे बोलत नाही, अंगी गुण असेल तर त्यासाठी आराम, मद्य, मौज यांवर पाणी सोडतो. रात्रंदिवस काम आणि सततचे वाचन यांशिवाय मार्ग नाही, असे त्याने भावाला बजावले. निकोलाय दारूत बुडाला होता. जून १८८९ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. आन्तोनने त्याची शुश्रूषा केली होती, आणि आपल्या छातीतही तोच रोग आहे हे डॉक्टर म्हणून त्याला कळत नसेल असे म्हणवत नाही.

अलेक्सान्द्रलाही दारूचे झटके येत. १८८९ च्या आरंभी आन्तोनने त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली. बायकोशी आणि मोलकरणीशी तो ज्या भाषेत बोलतो ती आपल्या वडिलांची भाषा आहे, त्याच जुलुमाने आपले बालपण नासले, याची आठवण त्याने दिली. पत्र वरवर पाहता घरगुती भांडणाचे आहे. मला ते कथालेखनाचेही वाटते. जो माणूस समोरच्या मोलकरणीला माणूस म्हणून पाहू शकत नाही, तो तिची कथा काय लिहिणार?

१८९० मध्ये त्याने सर्वांना बुचकळ्यात टाकले. नाव झाले होते, पैसा येऊ लागला होता, प्रकृती नाजूक होती. आणि हा निघाला सैबेरिया ओलांडून साखालीन बेटावर, जिथे झारचे सरकार कैद्यांना काळ्या पाण्यावर पाठवी. जाण्यापूर्वी त्याने महिनोन्‌महिने त्या बेटावरची पुस्तके आणि अहवाल वाचले. तिथे तीन महिने राहून, घरोघर आणि कोठडी-कोठडीत जाऊन, सुमारे १०,००० कैदी व वसाहतकरी यांची माहिती त्याने छापील कार्डांवर टिपून घेतली. परतताना तो समुद्रमार्गे हाँगकाँग, सिंगापूर आणि सिलोनवरून आला. या प्रवासातून ‘साखालीन बेट’ हे पुस्तक झाले. कथा मात्र त्यातून मोजक्याच निघाल्या. अनुभव घ्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कथा मिळावी म्हणून तो गेला नव्हता. त्या माणसांचे ऋण आपल्यावर आहे असे वाटून गेला होता.

१८९२ मध्ये त्याने मॉस्कोजवळ मेलिखोव्हो येथे जमीन घेतली. कॉलऱ्याच्या साथीत पंचवीस खेडी त्याने सांभाळली, तीही वेतन न घेता. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तीन शाळा उभारल्या. याच काळातली ‘वॉर्ड नंबर सहा’ ही कथा वाचताना वाटते की तिच्यातले रुग्णालय काही लेखकाने टेबलाशी बसून कल्पिलेले नाही.

मार्च १८९७ मध्ये फुप्फुसातून जोराचा रक्तस्राव झाला आणि त्याला दक्षिणेला याल्टा येथे राहावे लागले. तिथे त्याच्याकडे तरुण लेखकांची रीघ लागे. मक्सिम गॉर्की तेव्हा नुकताच उदयाला आला होता. त्याच्या कथांवर चेकॉव्हने प्रेमाने पण स्पष्ट बोट ठेवले. विशेषणे खोड, असे त्याने सांगितले. माणूस गवतावर बसला म्हटले की चित्र चटकन दिसते. त्या माणसाला उंची, छाती, दाढी आणि गवताला रंग, अवस्था, पायाखाली तुडवले जाणे असे सारे जोडत गेले की वाचकाचे मन थकते. इव्हान बूनिनला तो म्हणे की कथा लिहून झाली की तिचा आरंभ आणि शेवट कापून टाकावा, कारण लेखक सर्वांत अधिक खोटे तिथेच बोलतात. मावळत्या सूर्याचे आणि मृत्यूंचे कोडे मला या सल्ल्याने उलगडले. आरंभी आपण धीर गोळा करीत असतो आणि शेवटी टाळीची वाट पाहत असतो. कथा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

हे नियम त्याने दगडावरची रेघ मानले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘स्टेप’मध्ये निसर्गवर्णन भरभरून आहे आणि कथानक नावापुरते. कादंबरी लिहिण्याचा त्याने बराच काळ प्रयत्न केला आणि ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. नाटकाचा पहिला अनुभव तर कडू होता. ‘सीगल’ १८९६ मध्ये पीटर्सबर्गला साफ पडले आणि १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक गाजवले. पण स्वतःचे लेखन तपासण्याची त्याची सवय अखेरपर्यंत सुटली नाही. १८९९ मध्ये प्रकाशक मार्क्स याने त्याच्या समग्र लेखनाचे हक्क ७५,००० रूबलना घेतले. तेव्हा चेकॉव्हने आपल्या जुन्या कथा पुन्हा वाचल्या, कितीतरी सुधारल्या आणि कितीतरी संग्रहातून वगळल्या. ज्यांच्यावर एके काळी घर चालले त्या कथा वगळायला मन घट्ट लागते. १९०३ मधली ‘वधू’ ही त्याची शेवटची कथा. श्वास पुरत नव्हता, दिवसाला थोड्याच ओळी होत. तरी मुद्रिते आल्यावरही तो ती बदलतच राहिला.

१५ जुलै १९०४ रोजी जर्मनीतील बाडेनवायलर या गावी, पत्नी ओल्गा क्निपर जवळ असताना, तो वारला. वय अवघे ४४. त्याचे शव मॉस्कोला आले ते कालवे वाहून नेणाऱ्या थंड डब्यातून. गॉर्कीला या प्रकाराचा विलक्षण संताप आला. ही हकीकत दुसऱ्या कोणाची असती, तर चेकॉव्हने ती टिपून ठेवली असती आणि तिच्यावर एका शब्दाचेही भाष्य केले नसते.

राहता राहिला अलेक्सान्द्र. तो १९१३ पर्यंत जगला, वृत्तपत्रात नोकरी केली, कथाही पुष्कळ लिहिल्या. आज त्याचे नाव निघते ते बहुधा भावामुळे. मला राहून राहून वाटते की त्या सहा अटी जगात सर्वांत आधी त्याच्या हाती पडल्या होत्या. त्या समजण्याइतकी बुद्धी त्याच्याजवळ होती, लिहिता हात होता, आणि आन्तोनइतकेच सोसलेले बालपणही होते. सल्ला कमी पडला नाही. सल्ल्यानंतर रोज सकाळी जे करावे लागते ते कमी पडले. आन्तोनला वेगळे काही मिळाले नव्हते. शंभर ओळींची चौकट त्याने शाळा मानली, रोग्याच्या खाटेशी बसून तो ऐकायला शिकला, घरातल्या माणसांशी नीट वागण्याची त्याने सक्ती केली ती आधी स्वतःवर, आणि लिहिलेले खोडताना हात आखडला नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण लिहितात, काही पुढेही लिहीत राहतील. चेकॉव्हच्या त्या पत्राचा मजकूर आता आपल्याही हाती आहे. त्याचे काय करायचे, हे आन्तोनने सांगितलेले नाही. ते त्याने करून दाखवले.